पर्ड्यू–इंडियाना: मॅकी अरीनाहून परतल्यावर, ब्लूमिंग्टनला निघणाऱ्यांसाठी

शिकागोच्या पश्चिम उपनगरांतून वेस्ट लाफियेटला मोटारीने दोन तासांत पोहोचता येते, असे सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये, मग तो पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा स्वतःचा भाचा का असेना. "मामा, दोनच तास, सरळ रस्ता आहे," हे त्याचे वाक्य मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यापुरते खरे असेलही. पण 31 जानेवारी 2025 रोजी, शुक्रवारी, पर्ड्यू आणि इंडियाना या दोन विद्यापीठांच्या पुरुष संघांमधील बास्केटबॉलचा, पर्ड्यूच्या मॅकी अरीनातील सामना पाहण्यासाठी नेपरव्हिलहून निघालेल्या आमच्या गाडीच्या बाबतीत ते साफ खोटे ठरले. याच दोन संघांचा या मोसमातील दुसरा सामना रविवारी, 23 फेब्रुवारीला, ब्लूमिंग्टन येथे इंडियानाच्या मैदानावर आहे आणि शिकागो परिसरातील बरीच मराठी मंडळी, विशेषतः ज्यांची मुले या दोहोंपैकी एका विद्यापीठात आहेत ती, जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी हे, त्या सामन्यापूर्वी, फेब्रुवारी 2025 मध्ये लिहीत आहे. हिवाळी टायर, गाडीत ठेवायचे पांघरूण आणि काचेवरचा बर्फ खरवडायचे साधन यांविषयी येथे काही सांगणार नाही; इलिनॉयमध्ये दोन हिवाळे काढलेल्यांना ते ठाऊक असते.

सर्वांत वाईट टप्पा म्हणजे बोर्मन द्रुतगती मार्ग, म्हणजे हॅमंड आणि गॅरी यांच्या मधून जाणारा 80 व 94 या दोन महामार्गांचा सामाईक तुकडा. देशाच्या पूर्व-पश्चिम मालवाहतुकीचा मोठा भाग मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून या एका पट्ट्यातून जातो, त्यामुळे तेथे गर्दीची वेळ अशी वेगळी नसते. शुक्रवारी दुपारी मात्र तो रस्ता राहतच नाही, ट्रक उभे करण्याची जागा होते. दुपारी दोनच्या आत बोर्मन पार करता येणार नसेल, तर सरळ इंटरस्टेट 57 ने दक्षिणेस गिलमनपर्यंत उतरावे आणि तेथून यूएस 24 ने वॉट्सिका, केंटलंड मार्गे रेमिंग्टनला इंटरस्टेट 65 गाठावा. हा मार्ग कंटाळवाणा आहे, दोन्ही बाजूंना कापून नेलेली मक्याची शेते आहेत, मधल्या गावांत वेगमर्यादा झटकन खाली येते. पण गाडी चालती राहते. दिवसाउजेडी हाच मार्ग बरा; रात्री, वारा सुटलेला असताना, उघड्या शेतांवरून रस्त्यावर वाहत येणारा भुरभुरीत बर्फ दिसत नाही, म्हणून परतताना तो टाळावा.

बोर्मन संपून इंटरस्टेट 65 ला लागले की सुटलो, असे वाटते. तसे होत नाही. लाफियेटपर्यंतच्या बहुतेक अंतरात एका दिशेला दोनच मार्गिका आहेत आणि त्या दोन्ही अडवून दोन ट्रक शेजारीशेजारी, एकमेकांपेक्षा जेमतेम मैलभर अधिक वेगाने, पाच पाच मिनिटे चालत राहतात. रस्ता ओला होता. पुढच्या चाकांचा फवारा काचेवर बसत होता, काच धुण्याचे पाणी निम्म्या वाटेत संपले आणि 220 क्रमांकाच्या फाट्यावर, फेअर ओक्सच्या दुग्धशाळेपाशी, ते भरून घ्यावे लागले. निघण्यापूर्वी ही टाकी काठोकाठ भरावी. पेट्रोलपेक्षा ही सूचना मी अधिक महत्त्वाची मानतो.

याहून मोठा फटका घड्याळाचा आहे आणि तो कोणीच सांगत नाही. इंडियाना राज्याचा वायव्य कोपरा शिकागोच्या वेळेवर चालतो, उरलेला बहुतेक भाग पूर्वेकडील वेळेवर. रेमिंग्टन ओलांडून जॅस्पर परगण्यातून व्हाइट परगण्यात शिरताच घड्याळ एक तास पुढे जाते. तिकिटावर 8 छापलेले असेल, तर शिकागोच्या घड्याळात सामना 7 ला सुरू होतो. ब्लूमिंग्टनलाही हाच हिशेब लागू आहे, म्हणून रविवारच्या दुपारच्या सामन्यासाठी त्याच दिवशी सकाळी निघण्याचा बेत मुळीच करू नये. नेपरव्हिलपासून ब्लूमिंग्टन चार तासांच्या आसपास आहे, त्यात हा तास मिळवला की पहाटे अंधारात निघावे लागेल. शनिवारी रात्री इंडियानापोलिसच्या दक्षिणेकडे मुक्काम करावा. ब्लूमिंग्टनमध्येच खोली घेण्याचा अट्टाहास करू नये, कारण अशा शनिवारी तेथील दर ऐकून रविवारी सामना पाहण्याची इच्छा उरत नाही. इंटरस्टेट 69 चा मार्टिन्सविल ते इंडियानापोलिस हा टप्पा 2024 मध्ये खुला झाल्यापासून सिग्नलचा जुना जाच संपला आहे आणि सबंध प्रवासातील तेवढाच भाग निर्वेध म्हणता येईल.

आता पैशांविषयी. तिकीट पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावर जागेची किंमत 95 डॉलर दाखवली होती. नाव, पत्ता, कार्डाचा क्रमांक हे सर्व भरून झाल्यावर शेवटच्या पडद्यावर ती 128 झाली. वरची रक्कम 'सेवा' या नावाखाली होती. ती सेवा कोणती, हे मला अजून कळलेले नाही. 2025 च्या त्या हिवाळ्यात संकेतस्थळावर सर्व शुल्कांसह किंमत दाखवण्याची खूण असे; ती आधी लावून मगच जागांची तुलना करायला हवी होती. त्याहून संताप आणणारा प्रकार वाहनतळाचा. अरीनापासून थोड्या अंतरावरील एका खासगी अंगणात हातात विजेरी घेतलेल्या गृहस्थाने 50 डॉलर रोख मागितले, पावती दिली नाही आणि मागे दुसरी गाडी उभी करून आमची वाट बंद केली. सामना संपल्यावर त्या मागच्या गाडीचा मालक येईपर्यंत आम्ही थंडीत उभे होतो. पर्ड्यूच्या आवारात बहुमजली वाहनतळ आहेत; तेथे सामन्याच्या दिवसाचा फलक वाचून गाडी लावावी आणि पंधरा मिनिटे चालावे. अंगणात गाडी लावू नये, कोणी कितीही प्रेमाने हात दाखवला तरी.

दोन्ही ठिकाणी पारदर्शक पिशवीचा नियम आहे. लांबी, रुंदी, उंची 12, 6 आणि 12 इंचांपेक्षा मोठी नको. दाराशी रांगेत एका आजींना त्यांची कापडी पिशवी परत गाडीत ठेवायला पाठवले गेले. घरून आणलेला डबाही आत नेता येत नाही. आत शाकाहारी माणसाच्या वाट्याला पॉपकॉर्न, चीज घातलेले नाचोज आणि मऊ प्रेट्झेल यांपलीकडे फारसे काही येत नाही, म्हणून पोटभर जेवूनच जावे.

मॅकी अरीना 1967 मध्ये उघडले. 14,000 हून अधिक प्रेक्षक मावणारी ही गोल इमारत आहे, वर घुमटाकार छत आहे आणि त्या छताखाली आवाज अडकून राहतो. मी वानखेडेवर सामने पाहिले आहेत. तेथे आवाज आकाशात जातो, येथे तो डोक्यावर पडतो. लहान मुलांना नेणार असाल तर कानांत घालायचे बोळे न्यावेत, आणि विद्यार्थ्यांच्या रांगांच्या लगत तिकीट घेऊ नये. ती पोरे पूर्ण सामनाभर उभी असतात, त्यामुळे मागच्यांनाही उभे राहावे लागते, आणि इंडियानाच्या नावाने त्यांचा जो शिमगा चालतो तो समोर दुसराच संघ असला तरी थांबत नाही. आमच्या शेजारी बसलेल्या एका मराठी कुटुंबातील सातवीतल्या मुलीने त्यातील एका शब्दाचा अर्थ वडिलांना विचारला आणि ते गृहस्थ उर्वरित सामना गुणफलकाकडेच पाहत राहिले.

नव्याने जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळात चार पाव (क्वार्टर) नसतात, वीस वीस मिनिटांचे दोन अर्ध असतात आणि प्रत्येक अर्धात 16, 12, 8 व 4 मिनिटे उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तेव्हा दूरचित्रवाणीसाठी मोठी विश्रांती होते. स्वच्छतागृहाकडे 12 मिनिटांच्या विश्रांतीत जावे. मध्यंतरात गेलात तर दुसऱ्या अर्धाची सुरुवात रांगेतच जाईल.

तो सामना पर्ड्यूने 81–76 असा जिंकला. त्या पाच गुणांचा अर्थ ब्लूमिंग्टनला निघणाऱ्यांनी नीट लावला पाहिजे, कारण त्यानंतर दोन्ही संघांचे बरेच काही बदलले आहे. इंडियाना तेव्हा सलग पाच पराभवांच्या मालिकेच्या मध्यावर होता. ती मालिका संपण्यापूर्वीच, 7 फेब्रुवारीला, प्रशिक्षक माइक वुडसन मोसमाअखेर पायउतार होणार असल्याचे जाहीर झाले; आणि मग, ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवली नव्हती अशा या संघाने 11 तारखेला मिशिगन स्टेटला त्यांच्याच घरी 71–67 असे हरवले. त्यानंतर यूसीएलएविरुद्ध पुन्हा हार. अशा संघाविषयी भाकीत करणे कठीण असते, पण प्रशिक्षक जाणार हे ठरल्यावर खेळाडूंच्या खांद्यावरचे ओझे हलके होते, हे क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पर्ड्यूची गोष्ट उलट आहे. 2023 आणि 2024 अशी दोन वर्षे बिग टेन या, दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या गटाचे (कॉन्फरन्सचे) साखळी विजेतेपद एकट्याने मिळवलेला, 2024 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत कनेटिकटकडून 75–60 असा हरलेला हा संघ मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिशिगन स्टेट यांच्याकडून ओळीने तीन सामने हरून येत आहे. (बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत, नाव बदलण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.) दुखणे उघड आहे. गेल्या मोसमापर्यंत बास्केटखाली खेळणारा उंचपुरा झॅक ईडी गेल्यानंतर मधली जागा सात फूट चार इंच उंचीच्या डॅनियल जेकबसनने भरायची होती, तो नोव्हेंबरमध्येच पाय मोडून बाहेर बसला. तेव्हापासून बास्केटखाली सगळा भार ट्रे कॉफमन-रेनवर आहे, जो गुण मिळवण्यात संघात पहिला असला तरी सात फुटी अडवणारा नव्हे. आणि चेंडू पुढे आणणे, वाटणे, अडचणीत स्वतः फेकणे ही सर्व कामे ब्रेडन स्मिथकडे आहेत. स्मिथ हा या मोसमातील माझा सर्वांत आवडता खेळाडू आहे. पण त्याच्यावर दोघे धावून गेले की बाकीचे जागच्या जागी उभे राहतात, हे आता सगळ्या कॉन्फरन्सला कळले आहे.

म्हणून रविवारी डोळे दोन ठिकाणी ठेवावेत. इंडियानाचा सात फुटी ऊमर बॅलो पहिल्या दहा मिनिटांत किती वेळा बास्केटजवळ चेंडू घेतो आणि कॉफमन-रेनला किती लवकर दुसरा फाउल लागतो, हे पहिले. स्मिथला मधल्या रेषेवर कोंडीत पकडल्यावर फ्लेचर लॉयर मोकळा राहून तीन गुणांची फेक घेतो की नाही, हे दुसरे. पहिली गोष्ट घडली आणि दुसरी घडली नाही, तर पर्ड्यूचा निभाव लागणार नाही. तरीही माझा कौल पर्ड्यूला, दोन-तीन गुणांनी; मॅट पेंटरसारखा प्रशिक्षक, जो 2005 पासून तेथे आहे आणि स्वतः तेथेच खेळला आहे, या सामन्यासाठी संघाला झोपेतून उठवील असे मला वाटते. मॅकीतला आवाज अजून कानांत असताना दिलेला हा कौल आहे, त्यावर कोणी पैज लावू नये.

या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, 23 फेब्रुवारी 1985 रोजी, ब्लूमिंग्टनच्या याच असेम्ब्ली हॉलमध्ये, जेथे रविवारचा सामना आहे, पर्ड्यूविरुद्धच, पंचांच्या निर्णयावर चिडलेले इंडियानाचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी लाल प्लॅस्टिकची खुर्ची मैदानावर भिरकावली होती. पर्ड्यूचा खेळाडू फ्री थ्रोसाठी उभा असताना ती त्याच्या समोरून घसरत गेली. पर्ड्यूने तो सामना 72–63 असा जिंकला, ही गोष्ट खुर्चीच्या चित्रफितीमुळे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. आता 15 तारखेला इलिनॉयला हरवून मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक टॉम इझो यांनी बिग टेनमधील विजयांचा नाइट यांचा 353 चा विक्रम मोडला. खुर्चीची आठवण रविवारी दिवसभर निघणार, हे नक्की.

असेम्ब्ली हॉलविषयी सांगायचे ते हे की तेथे बाल्कनीचे तिकीट घेऊ नये. गेल्या मोसमात कडाक्याच्या थंडीत याच सामन्यासाठी गेलो असता वरच्या रांगांत बसलो होतो. बहुतेक प्रेक्षक मैदानाच्या दोन लांब बाजूंना, भिंतीसारख्या उभ्या चढावर बसवलेले आहेत. हरिहर गडाच्या पायऱ्या उतरताना ज्यांचे पाय थरथरले असतील त्यांनी बाल्कनीत उभे राहून खाली पाहू नये. गुडघे दुखणाऱ्यांना तेथे अजिबात नेऊ नये. खालच्या भागातील जागा महाग असली तरी तीच घ्यावी, आणि ती परवडत नसेल तर हा सामना घरी दूरचित्रवाणीवर पाहावा. बाल्कनीतून खेळाडू कोण हे ओळखण्यातच अर्धा वेळ जातो. राष्ट्रीय विजेतेपदांचे पाच ध्वज मात्र, 1940 पासून 1987 पर्यंतचे, कोठूनही दिसतात, आणि पर्ड्यूच्या खात्यात असा एकही ध्वज नाही याची आठवण शेजारी बसलेला कोणीतरी करून देतोच.

गाडी लावायला फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियमभोवतीची मोकळी जागा आहे. तेथून असेम्ब्ली हॉल जवळ आहे, पण मधल्या पटांगणावर वारा अडवायला काही नाही, त्यामुळे टोपी गाडीत विसरू नये. सामना संपल्यावर लगेच महामार्गाकडे धावू नये, तेथे तासभर काहीच हलत नाही. तो वेळ फोर्थ स्ट्रीटवर जेवण्यात घालवावा. तेथे थाई, भारतीय आणि तिबेटी खानावळी एकमेकींना लागून आहेत. दलाई लामांचे थोरले बंधू इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक होते आणि त्यामुळे या लहानशा गावात तिबेटी मंडळींचा जुना वावर आहे. भाज्यांचे मोमो आणि गरम सूप मिळते. रविवारी संध्याकाळी कोणती खानावळ उघडी असते, हे मात्र आधी फोन करून विचारून घ्यावे, कारण इंटरस्टेट 65 वर उत्तरेकडे जाताना त्यानंतर बर्गरशिवाय काही मिळत नाही.