नव्वद टक्के

मंगळवार, रात्री पावणेबारा

माझ्या स्टार्टअपच्या अर्जात एक चौकोन आहे. 'संस्थापकाची प्रेरणा (१५० शब्दांत)'. तासभर त्याच्यासमोर बसलेय. आधी लिहिलं, 'पुढच्या पिढीसाठी स्वच्छ हवा'. पुसलं. साताऱ्याच्या हवेबद्दल मी रडगाणं गायलं तर आजीच हसेल, लोक रिटायर होऊन इथे हवा खायला येतात. मग हवामान बदलावर दोन वाक्यं लिहिली. ती खोटी नव्हती, पण मला पहाटे साडेचारला अंथरुणातून उठवतात ती कारणं ती नव्हेत. तीही पुसली.

खरं लिहायचं तर तात्यांपासून सुरुवात करावी लागेल.

तात्यांचा गोठा यवतेश्वरच्या वरच्या अंगाला. रोज पहाटे दोन कॅन, ऐंशी लिटर दूध घेऊन घाट उतरायचा, समर्थ मंदिरापासून पुढे गल्लीगल्लीत रतीब घालायचा आणि दहाच्या सुमारास रिकामे कॅन वाजवत वर. वर्षानुवर्षं हे सगळं जुन्या एम-८० वर. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून त्यांचा हिशेब बसेना. आमच्या सात बॅटरीवरच्या दुचाक्यांपैकी तिसरी त्यांना दिली, महिन्याच्या भाड्याने. खरं तर दहा गाड्या घ्यायच्या होत्या. पण जून २०२३ मध्ये फेम-२ चं, म्हणजे बॅटरीच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं, अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आलं, वर कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर. बँकेच्या कागदांवर बाबांची सही आधीच झाली होती. तेवढ्याच पैशांत दहाच्या सात झाल्या.

पंधरा दिवस गाडी मजेत चालली. सोळाव्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन. "पोरी, गाडी मोकळी सुटली की गं. ब्रेक लागंना."

मी गेले तेव्हा तात्या वळणावरच्या कठड्यावर बसले होते, गुडघ्याला टॉवेल बांधून. गाडी डोंगराकडच्या चरात कलंडलेली. शहाणा माणूस, दरीकडे न जाता डोंगराकडे घातली. मागच्या चाकाला ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येत होता. एक कॅन शाबूत, दुसऱ्याचं झाकण उडून दुधाचा ओघळ चरातून खाली चाललेला आणि एक कुत्रं मन लावून तो चाटत होतं. तात्या मला म्हणाले, "चाळीस लिटर गेलं." गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही.

झालं होतं ते असं. बॅटरीच्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर उलटं काम करते. ती डायनॅमोसारखी फिरते, वीज बॅटरीत परत घालते आणि तेवढी गाडी आवरून धरते. पेट्रोलच्या गाडीवर आपण सेकंड गिअरमध्ये घाट उतरतो तसंच. चार दिवसांत हाताला त्याची सवय होते, ब्रेक नुसता टेकवला तरी भागतं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवणार कुठे? मग कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारा-घेणारा डबा, ते आवरून धरणं बंद करतो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. पहिले पंधरा दिवस वर रोज रात्री लाइट जायची, त्यामुळे बॅटरी कधी पूर्ण भरलीच नव्हती. त्या रात्री लाइट गेली नाही. आमचा अपघात झाला तो अखंड वीजपुरवठ्यामुळे, हे मी अर्जात कसं लिहू?

गाडीच्या कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, निघताना फुल चार्ज करूनच निघत जा." मी सर नाही हे सांगितलं, बाकीचं सांगून उपयोग नव्हता. मॅन्युअलच्या शेवटी शेवटी मात्र एक ओळ सापडली, की पूर्ण चार्ज असताना ही सोय कमी मिळू शकते. 'कमी मिळू शकते'! ऐंशी लिटर दूध मागे लावून ते वाक्य वाचायला हवं.

रतीबाच्या कार्डामागे हिशेब मांडला. गाडी ११०, तात्या ७०, कॅनसकट दूध ९०, म्हणजे २७० किलो. शंभर मीटर उंची उतरताना सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा मोकळी होते. उतार ३०० मीटर धरला तर २२०. निम्मी वारा, टायर आणि मोटर खाणार. उरली ११०. दोन किलोवॅट-तासाच्या बॅटरीत तेवढ्यासाठी साडेपाच टक्के जागा लागते. मी दहा ठेवली. वरून निघताना नव्वद टक्केच भरलेली हवी.

चाकणला चार वर्षं मी गाड्यांच्या चाचण्यांचं हेच काम करत होते. सपाट ट्रॅकवर रेंज मोजायची, चढावर मोटर किती तापते ते बघायचं. मीटिंगमध्ये चर्चा कायम चढाचीच. ओझं भरून उतरणारा आणि रिकामा चढणारा माणूस आमच्या एकाही तक्त्यात नव्हता. मला नव्वद टक्क्यांचं गणित येत होतं, कराडच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही येईल. पण गणित घालणारं कुणी नव्हतं, कारण गणित घालायला घाटाखाली राहावं लागतं. त्या दिवशी घरी आले ती चिडून. ती चीड अजून उतरलेली नाही, आणि मला वाटतं चौकोनात लिहायचं ते हेच.

काका म्हणतात, पेन्शनरांच्या गावात कसला स्टार्टअप काढतेस, पुण्याला परत जा. याच गावात महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ साली उभी राहिली आणि देशभर प्रिया स्कूटर पाठवत होती हे काका विसरतात. स्वतः तीच तिरकी करून किक मारत कॉलेजला जायचे. पुण्याला जायचं नाही हेही एक कारण आहेच, पण ते अर्जात शोभणार नाही.

दुधाचे पैसे भरून दिले. लायनर बदलले. सातही जणांना बसवून उतारावर पहिल्यापासून दोन्ही ब्रेक कसे वापरायचे ते दाखवलं. हे गाडी देतानाच करायला हवं होतं. चूक माझी.

आता उरला प्रश्न नव्वदवर थांबायचं कसं. स्वस्त चार्जरला तशी सोय नाही. पाण्याच्या मोटरीला लावतात तसला टायमर आणून बसवला, तर लाइट गेली की टायमरही झोपायचा. एकदा सकाळी बॅटरी ५२. तात्या वैतागले. "पैसं पुऱ्या गाडीचं घेतीस आन् बॅटरी भरू देईनास, ह्यो कुठला धंदा?" मुद्दा बरोबर होता. मी भाडं शंभर रुपयांनी कमी केलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

शेवटी तोड तात्यांच्या बायकोने, काकूंनी काढली. रात्री चार्जिंग लावायचंच नाही. तात्या दहाला वर आले की लावायचं, दिवसा त्यांचं लक्ष असतंच. भाकरी, वैरण, शेण यांच्या मधे येता-जाता आकडा बघायचा आणि पिन काढायची. टायमर त्यांनी मला पिशवीत घालून परत दिला.

आज दुपारी पावणेचारला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. डिस्प्लेवर ऊन पडल्याने निम्मा पांढरा, कोपऱ्यात म्हशीची शेपटी. खाली काकूंचा आवाज, "एक्याण्णव झालं गं, धारंला बसले हुते. चालंल का?"

चालेल म्हणून कळवलं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.