जुन्या ओमेगाचं साल कसं काढायचं

जुन्या घड्याळाला एकच साल नसतं. आतल्या मशीनचं एक, केसचं म्हणजे बाहेरच्या डब्याचं एक, डायलचं एक. तिन्ही दोन-तीन वर्षांच्या आत जुळली तर घड्याळ बहुधा कारखान्यातून निघालं तसंच आहे. दहा वर्षांची तफावत आली तर ते कुणीतरी जुळवलेलं आहे. १९५० ते १९७० या काळातली ओमेगाची ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आतलं वजन हलून आपोआप चावी बसणारी घड्याळं हे शिकायला उत्तम, कारण त्यांचा सीरियल नंबर मशीनवर असतो आणि मॉडेल नंबर झाकणाच्या आत. दोन साक्षीदार, दोघांची उलटतपासणी घेता येते.

झाकण उघडण्याआधीच बरंच कळतं. डायलवर 'सीमास्टर' असेल तर १९४८ च्या आधीचं नाही, 'कॉन्स्टेलेशन' असेल तर १९५२ च्या आधीचं नाही. 'डी व्हिल' आधी 'सीमास्टर डी व्हिल' असं जोडीनं यायचं. नुसतं 'डी व्हिल' लिहिलेलं १९६७ पासूनचं. घड्याळ कानाशी धरून हलकेच हलवा. आत काहीतरी आपटून परत फिरतंय असं जाणवलं तर ते 'बंपर' मशीन. त्यातलं वजन पूर्ण गोल फिरत नाही, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगवर आदळून उलटतं. ओमेगानं १९५५ च्या सुमारास पूर्ण गोल फिरणारं वजन, म्हणजे रोटर, आणलं आणि बंपर मागे पडलं. तारीख असलेल्या घड्याळात चावी, म्हणजे बाजूची गुंडी, सगळ्यात बाहेरच्या टप्प्यापर्यंत ओढून पाहा. प्रत्येक ओढीला तारीख एकेक पुढे उडत असेल तर आत ओमेगाचं ५६४ किंवा ५६५ क्रमांकाचं मशीन असण्याची शक्यता मोठी, म्हणजे साधारण १९६६ नंतरचं. मात्र रात्री नऊ ते एकच्या मध्ये काटे असताना हे करू नका. त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात.

आता झाकण. दाबून बसवलेलं असेल तर कडेला बारीक खाच असते, तिथे केस-नाईफ लावून अलगद उचलायचं. आट्याचं असेल तर आधी रबरी चेंडू दाबून फिरवून बघा. हलत नसेल तरच जबड्याचा पाना. तो निसटला की झाकणावरच्या सागरी घोड्यावर ओरखडा आलाच, आणि किंमत तिथेच उतरते. काही मॉडेलांना मागून झाकणच नसतं, काच काढून पुढून उघडावं लागतं. अशी घड्याळं सरळ घड्याळजीकडे द्या. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात उघडत बसू नका, दमट हवा आत बंद होते.

मशीनवरचा आकडा दहापट भिंगातून वाचा आणि फोटो काढून अंक पुन्हा मोजा. सात अंकी की आठ अंकी, इथेच लोक घसरतात. आठ अंकी नंबरांचा अंदाज असा: १ कोटी ४० लाखांच्या आसपास १९५४, १ कोटी ५० लाख म्हणजे १९५६, १ कोटी ६० लाख १९५८, १ कोटी ८० लाख १९६१, २ कोटी १९६३, २ कोटी २० लाख १९६५, २ कोटी ४० लाख १९६६, २ कोटी ६० लाख १९६८. यात एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरायचीच. नंबर सांगतो ते मशीन बनल्याचं साल. घड्याळ विकलं गेलं ते कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी.

केसच्या नंबरात एक जुनाच सापळा आहे. झाकणाच्या आत '२८५२-८ एससी' असं काही दिसलं की लोक लगेच १९५८ म्हणतात. तो ८ त्या केसच्या आवृत्तीचा क्रमांक आहे, सालाशी त्याचा संबंध नाही. एससी म्हणजे मधोमध बसवलेला सेकंदकाटा. पण साठच्या दशकातल्या '१६६.०१०-६३' सारख्या नंबरात शेवटचे दोन अंक खरंच सालाचे असतात. तेही त्या केसच्या आराखड्याचं साल, त्यामुळे मशीन त्याहून एखाद-दोन वर्षांनी नंतरचं निघालं तर घाबरू नका. तीन अंक, टिंब, तीन अंक ही पद्धत १९६२ च्या सुमाराची. त्यातल्या १६५ ला तारीख नाही, १६६ ला आहे, १६७ म्हणजे क्रोनोमीटर (अचूकतेची चाचणी पास झालेलं घड्याळ) बिनतारखेचं, १६८ क्रोनोमीटर तारखेसकट. १६५ च्या केसमध्ये तारखेची खिडकी असलेलं डायल दिसलं तर ते जुळवलेलं आहे, पुढे काही बघायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये विकलेल्या सोन्याच्या घड्याळांच्या केस बऱ्याचदा तिथल्या डेनिसन कंपनीच्या. त्यावर बर्मिंगहॅमच्या सोनं तपासणाऱ्या कचेरीचा ठसा, म्हणजे जहाजाचा नांगर, आणि सालाचं अक्षर असतं. एवढं नेमकं साल दुसरीकडे क्वचितच मिळतं, फक्त ते केसचं.

डायलवर मात्र सगळ्यात कमी विश्वास ठेवा, विशेषतः आपल्याकडच्या. मुंबईत डायल पुन्हा रंगवून देण्याचा धंदा इतका चालला की परदेशातले संग्राहक भारतातून आलेलं चकचकीत डायल दिसलं की आधी संशय घेतात. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा: मूळ छपाई बारीक आणि धारदार असते, रंगवलेली जाड आणि फुगीर. रंगवलेल्यात मिनिटांच्या रेघा खुणांच्या बरोबर मध्ये येत नाहीत, 'स्विस मेड' गायब असतं किंवा भलत्या जागी असतं. भडक लाल, निळी डायलं तर लांबूनच ओळखू येतात. असं डायल सालाच्या हिशेबातून वगळायचं.

मूळ डायल असेल तर चमकणारा रंग उपयोगी पडतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात किरणोत्सर्गी रेडियम असायचं. नंतर ट्रिटियम, तेही किरणोत्सर्गीच, आणि मग 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' यायला लागला. ट्रिटियम दर बारा वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे ते आज जवळजवळ संपलेलं असतं. रेडियमला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. ते अंधारात चमकत नसलं तरी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर कडकडतो, कारण थकलेला असतो तो सोबतचा चमकणारा क्षार. म्हणून तो रंग खरवडू नका, फुंकूही नका. ती धूळ पोटात जाता कामा नये.

चावी, काच आणि पट्टा सालासाठी जवळपास निरुपयोगी. ते सर्व्हिसिंगमध्ये बदलतातच.

समजा मशीन ५५२, नंबर २ कोटी ४ लाख, झाकणाच्या आत मॉडेल नंबर २८४६. मशीन १९६३ चं, केस पन्नाशीच्या मध्याची. चालेल छान, पण '१९५६ ची सीमास्टर' म्हणून त्याचे पैसे देऊ नका. तेच मशीन १६५.००२ मध्ये असेल, डायल मूळ असेल, तर 'साधारण १९६२ ते १९६४' असं लिहा. झाकणाच्या आत घड्याळजींनी टोकानं कोरलेल्या बारीक खुणाही टिपून ठेवा. बऱ्याचदा त्यात सर्व्हिसिंगची तारीख असते, आणि त्या तारखेनंतरचं असं ते घड्याळ असूच शकत नाही, निदान झाकण तरी.