खाडीतला डुबक्या: भरतीची रेषा एकदाची सरळ

‘खाडीतला डुबक्या’ या माझ्या व्हिडिओ गेममधली पायरी गेली. मागच्या अपडेटमध्ये पाण्याच्या रेषेला डावीकडे जो दात दिसत होता, तो आता नाही. भरती एकेका पिक्सेलने चढते आणि डुबक्या अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असला तरी त्याच्या रंगांचा चिखल होत नाही. आणि हे साध्या ४८के स्पेक्ट्रमवर (१९८० च्या दशकातला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक, ४८ किलोबाइट मेमरीचा), वर काहीही न जोडता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: चेंदणी कोळीवाड्यातला पोरगा दम रोखून खाडीत बुडी मारतो, तळाच्या तिसऱ्या आणि कालवं वेचतो आणि दम संपायच्या आत वर येतो. भरती चढत गेली की तळ ते हवा हे अंतर वाढतं. सगळी मजा त्यातच असल्यामुळे पाणी आठ-आठ पिक्सेलच्या उड्या मारत चढणं मला चालणार नव्हतं.

मशीनला मात्र नेमकं तेच हवं असतं. पडदा २५६ बाय १९२ पिक्सेलचा असला तरी रंग ८ बाय ८ च्या चौकटीला, आणि तेही दोनच: इंक (पुढच्या चित्राचा रंग) आणि पेपर (मागचा रंग). सोपा उपाय म्हणजे रेषेच्या रांगेत इंक निळी ठेवायची आणि खालचे पिक्सेल भरत जायचं. तसं केलं की डुबक्याचं डोकं निळं होतं आणि मानेखालचा भाग पाण्यात विरघळतो. म्हणून इंक सगळीकडे पांढरी ठेवली आणि फक्त पेपर बदलायचा ठरवला: वर आकाशाचा सायन (हिरवट निळा), खाली पाण्याचा निळा. यूएलए (पडद्यावर चित्र काढणारी चिप) प्रत्येक स्कॅनलाइनला, म्हणजे पिक्सेलच्या प्रत्येक आडव्या ओळीला, अ‍ॅट्रिब्यूट (चौकटीच्या रंगांचा बाइट) नव्याने वाचते. त्यामुळे चित्र रंगत असतानाच योग्य ओळीवर रांगेचे ३२ बाइट (दर चौकटीला एक) बदलले, तर एकाच चौकटीत वरच्या तीन ओळी आकाश आणि खालच्या पाच पाणी होऊ शकतात.

एक स्कॅनलाइन २२४ टी-स्टेटची (टी-स्टेट, थोडक्यात टी, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका). त्यातले १२८ चित्र काढण्यात जातात, उरलेले ९६ मोकळे. ३२ बाइट लिहायला १६ पुश (एका फटक्यात दोन बाइट लिहिणारी प्रोसेसरची सूचना), प्रत्येकी ११ टी, म्हणजे १७६. मोकळ्या वेळात आठच पुश बसतात. बाकीचे पुढच्या ओळीत जातात, आणि तिथे खालच्या १६के मेमरीसाठी (पडद्याचं चित्र तिथेच असतं) यूएलएशी भांडण. दर वेळी सहा टीपर्यंत ताटकळायचं, म्हणजे ११ चे ११ राहत नाहीत. त्यातून पुश उजवीकडून डावीकडे लिहितो आणि बीम (टीव्हीवर चित्र रंगवणारा किरण) डावीकडून उजवीकडे जातो. पंगतीला एका टोकाने जेवण सुरू झालंय आणि वाढपी दुसऱ्या टोकाने निघालाय, तशी गत. डावीकडच्या आठ-दहा रकान्यांपर्यंत वाढपी पोचतो तोवर बीम तिथून पुढे गेलेला असतो. हीच ती पायरी.

सुरुवात आधी केली तर? मग उजवीकडचे रकाने एक ओळ लवकर बदलतात. पायरी फक्त जागा बदलते. फ्यूज या एम्युलेटरच्या (पीसीवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) डीबगरमध्ये टी-स्टेट मोजत बसलो की दर वेळी हेच उत्तर.

सुटका झाली ती पुशचा मोह सोडल्यावर. एलडी (एनएन),एचएल ही सूचना दोन बाइटला १६ टी खाते, म्हणजे कागदावर पुशपेक्षा हळू. पण ती मला हव्या त्या क्रमाने लिहिता येते: बीमच्या पाठोपाठ, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक रकान्याला बीम पुन्हा तिथे येईपर्यंत जवळजवळ अख्खी ओळ मिळते. चित्र चालू असताना ताटकळण्यासकट २४ टी, मोकळ्या वेळात १६. हिशेब मांडला तर ३२ रकान्यांतली शेवटची जोडी आणि बीम एकाच क्षणी पोचत होते. एवढ्या काठावर मी काही चालवणार नाही. सरळ दोन्ही कडांचे दोन-दोन रकाने सोडून दिले. आता २८ रकाने, १४ सूचना, आणि हाताशी थोडी सवड.

त्या सोडलेल्या रकान्यांनी खेळच सुधारला! खालचा आडवा दमाचा पट्टा डावीकडे उभा केला, उजवीकडे टोपली. दम वरून खाली उतरताना दिसतो तेव्हा घाबरायला होतं, आडव्या पट्टीला ती धार नव्हती. शिवाय तळाला एक अख्खी रांग मोकळी मिळाली. तिथे चिंबोऱ्या येणार.

सवडीचं महत्त्व खऱ्या मशीनवर कळतं. काही ४८के मशीनांमध्ये यूएलए तापली की टायमिंग एका टीने सरकतं. ठाण्याच्या मे महिन्यात नौपाड्यातल्या बंद खोलीत, दुपारी पंखा न लावता मशीन मुद्दाम तापू दिलं. रेषा हलली नाही. त्या दुपारी मी खेळलो कमी, रेषेकडेच जास्त बघत बसलो.

हत्यारांबद्दल: १४ सूचना हाताने टाइप करणाऱ्यांनो, एसजॅस्मप्लस या असेंब्लरवर या, त्याचे मॅक्रो एकदा वापरले की पास्मो या दुसऱ्या असेंब्लरकडे परत जाववत नाही. कीबोर्डची नवी मेंब्रेन परदेशातून मागवली, तिच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि कस्टम जड झालं. पॉवर सप्लायसाठीचे कपॅसिटर मात्र लॅमिंग्टन रोडवरूनच, स्वतः हातात घेऊन, छापलेलं नीट वाचून घ्या.

आता रंग. आत्या आली होती, तिला खेळ दाखवला. ती म्हणाली, "एवढं निळं पाणी? पोराला गोव्याला नेलंस की काय?" हसण्यावारी नेलं, पण मुद्दा डोक्यातून जाईना. स्पेक्ट्रमकडे तपकिरी नाही, पण ब्राइट (रंग उजळ करणारा बिट) बंद केलेला पिवळा पेपर म्हणजे कळव्याच्या पुलावरून दिसणारं पाणीच. त्यावर पांढरी इंक टिकणार नाही, म्हणून काळी. आणि हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की काळी इंक त्याहून मोठं काम करते. ब्राइटचा बिट इंक-पेपर दोघांना एकच असतो, त्यामुळे पांढरी इंक असताना आकाश आणि पाणी दोन्हींचा ब्राइट सारखा ठेवावा लागत होता, नाहीतर डुबक्याची छटा रेषेवर बदलली असती. काळा मात्र ब्राइटमध्येही काळाच. म्हणजे वर लखलखीत आकाश आणि खाली गढूळ खाडी, एका बाइटचाही जादा खर्च न करता. ठरलं. निळं पाणी आता फक्त रात्रीच्या फेरीत.

उरलेलं दुखणं वेळेचं. इंटरप्टपासून (दर फ्रेमच्या, म्हणजे पडद्याच्या एका पूर्ण फेरीच्या, सुरुवातीला मिळणाऱ्या इशाऱ्यापासून) पहिल्या ओळीपर्यंत १४,३३६ टी, पुढे ओळीमागे २२४. रेषा ४० व्या ओळीवर असेल तर २३,२९६ टी थांबायचं, म्हणजे ६९,८८८ च्या फ्रेमचा बरोबर एक तृतीयांश नुसता वाट पाहण्यात. त्या वेळात मासे काढावेत तर माशांचा वेळ दर फ्रेमला वेगळा. फ्लोटिंग बस (यूएलए त्या क्षणी वाचत असलेला बाइट रिकाम्या पोर्टवर दिसणं) वापरून बघावी म्हणतो: रेषेच्या वरच्या रांगेत एक वेगळाच अ‍ॅट्रिब्यूट ठेवायचा आणि पोर्ट २५५ वाचत तो दिसेपर्यंत घुटमळायचं. पण वाचून तपासायचा लूपच २८ टीचा, माझी सवड त्याहून कमी. आधी ढोबळ पकड, मग बारीक जुळवणी, असं दोन टप्प्यांत करावं लागेल. प्लस टू ए आणि प्लस थ्री या नंतरच्या स्पेक्ट्रमवर ती युक्ती तशीच चालत नाही, तिथे जुनंच थांबणं ठेवीन.

स्पेक्ट्रम १२८ या मॉडेलची ओळ २२८ टीची आहे, तिच्यासाठी वेगळा तक्ता केलाय, पण माझ्याकडे ते मशीन नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, जवळपास कुणाकडे चालू स्थितीतलं १२८ असेल तर सांगा, खेळाची टॅप फाइल (कॅसेटची डिजिटल प्रत) पाठवतो. मशीन तापवून बघा आणि रेषेचा उजवा कोपरा जवळून न्याहाळा, बिघडलं तर आधी तिथेच दिसेल.