रजिस्टर कुलपात होतं

उद्घाटनाची फुलं आठला आली आणि साडेनऊला मोर्चा. तीस-पस्तीस माणसं, त्यातली निम्मी त्याच इमारतीतली. बॅनरवर ‘भ्रूणहत्या केंद्र हटवा’. भर बाजारपेठ, तळाला सराफ, पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना, वर बिऱ्हाडं. गर्भपाताची मंजुरी असलेल्या अशा केंद्रांचे कागद आणि आतली घडी बसवून देणं हे माझं काम.

बाहेरच्या पाटीवर ‘स्त्री आरोग्य केंद्र’ एवढंच होतं. पण मंजुरीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, येणाऱ्याला सहज दिसेल असं लावावंच लागतं आणि त्यावर कायद्याचं नाव असतं: वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१. आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्या फ्रेमचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पुढचं सगळं रात्रीत झालं.

लोकांना मी सरसकट अडाणी म्हणणार नाही. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले होते. ते कोण विसरेल? पण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४चा कायदा वेगळा आणि गर्भपाताला रीतसर परवानगी देणारा वेगळा. इथे तर सोनोग्राफीचं मशीनच नव्हतं आणि मंजुरी फक्त १२ आठवड्यांपर्यंतची. सोनोग्राफीवर लिंग खात्रीने दिसायला तेरा-चौदा आठवडे लागतात. हे मी जिन्यात उभी राहून तीनदा सांगितलं. एका पुढाऱ्याने तीनदा मान हलवली आणि पुन्हा तीच घोषणा दिली. त्याला तरी काय बोलावं? धाडीच्या भीतीने कितीतरी औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाहीत, आणि डॉक्टरसुद्धा सज्ञान बाईला “नवऱ्याची सही आणा” म्हणून परत पाठवतात. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही, फॉर्म सीवर म्हणजे संमतीपत्रावर, पुरते. नवऱ्याच्या सहीचा रकाना कुठल्याही फॉर्मवर नाही. तो आपल्या लोकांच्या डोक्यात आहे.

हवालदारसाहेबांनी तोडगा काढला: पाच जणांनी आत यावं, पाहावं, जावं. डॉक्टर हो म्हणाल्या. मीही हो म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना मशीनच्या आवाजाची काळजी होती. मी ट्रेवरची, गर्भपातासाठी वापरायची सिरिंज दाखवली. ६० मिलीची, हाताने ओढायची, पुढे प्लास्टिकची नळी. वीज लागत नाही, आवाज नाही. “एवढंच?” त्या म्हणाल्या. शेजारी गाळणी आणि काचेचं भांडं होतं, तेही विचारलं. निघालेला भाग गाळणीत धुऊन पाण्यात तरंगवायचा आणि खालून उजेड धरायचा. पांढरे, पिसासारखे तंतू दिसले तर गर्भ गर्भाशयातच होता. दिसले नाहीत तर काम संपलं असं समजायचं नाही. गर्भ बीजवाहिनीत, म्हणजे गर्भाशयाबाहेरच्या नळीत, असू शकतो, आणि ती नळी फुटली तर बाई जिवानिशी जाऊ शकते. घाईच्या दवाखान्यात नेमकी हीच दोन मिनिटं वाचवली जातात, याचा मला फार राग आहे.

मग कचरा. “ते गटारात टाकणार ना?” शरीरातून निघालेलं सगळं पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या डब्यात. पिशवीवर बारकोड, वजनाची नोंद, आणि पिवळी पिशवी ४८ तासांच्या आत गाडीत गेलीच पाहिजे. सोसायटीच्या सचिवांनी बारकोडचाही फोटो घेतला. घेऊ दे म्हटलं.

शेवटी ते म्हणाले, “रजिस्टर दाखवा. कोण येतं ते कळू दे.”

तिथे मी ठाम होते. भरती रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज. इतर कागदांवर बाईचं नाव नाही, रजिस्टरचा अनुक्रमांकच फिरतो. संमतीपत्र लिफाफ्यात बंद, वर ‘गोपनीय’. नाव उघड केलं तर २०२१च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. हवालदारांसमोर कलम वाचून दाखवलं, कपाटाची किल्ली पदराच्या गाठीला होती. सचिव गप्प झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परतताना ते पाचही जण प्रतीक्षेच्या खोलीतून गेले. जायला दुसरी वाटच नव्हती. बाकावर ओढणीने तोंड झाकून एक मुलगी बसली होती, टोकन चार. काकू थबकल्या. “अगं, तू इथे कशी?”

ती उठली आणि त्यांच्या पुढून जिना उतरून गेली. खाली मोर्चा तसाच उभा होता, त्याच्यामधून.

ती कशासाठी आली होती ते मी इथेही लिहिणार नाही. तांबी बसवायला, पाळीच्या तक्रारीला, कशालाही येतात बायका. पण त्या पाच जणांनी आपापल्या परीने ठरवलं असणारच. डॉक्टरांनी दुपारपर्यंत टोकन चार दोनदा पुकारलं.

कायद्याने कागदांना कुलूप दिलंय. बाकाला काही नाही. तपासणीच्या यादीत टेबल, निर्जंतुकीकरण, सलाइन, शॉकवरची औषधं, रुग्ण हलवायची सोय सगळं असतं. बाई दारातून आत कशी येते आणि कुठे बसते, हा रकाना मला आजवर कुठे भेटलेला नाही. आणि मी, जी एवढ्या याद्या भरते, तिने कधी मनाने जोडलाही नव्हता.

आता बाक आतल्या खोलीत नेलाय, पुकारा बंद केलाय, पाहुणे फक्त दवाखाना बंद झाल्यावर. मागच्या बाजूला एक जिना आहे, तो बोळात उतरतो. तो वापरायला सोसायटीची परवानगी लागते. अर्ज सचिवांकडे दिलाय, पोच घेतली आहे.