साखर ११, चव शून्य: काचघरातल्या सत्सुमांची नोंद

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं, टक्क्यांतलं माप) ११ झालं की फळ जमलं. ते शब्द मागे घेतो. परवा तोडलेल्या सत्सुमा संत्र्याचा रस ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ११.२ दाखवत होता. तोंडात मात्र नुसतं गोडसर पाणी.

मग टायट्रेशनला बसलो, म्हणजे अल्कली थेंबथेंब घालून रसातलं आम्ल मोजायला. १० मिली रस, आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा जेमतेम ७ मिली संपलं होतं. म्हणजे सायट्रिक आम्ल ०.४५ टक्के. बाहेर उघड्यावर ठेवलेल्या कुंडीतल्या त्याच जातीच्या फळाला १३ मिली लागलं. साखर दोघांत जवळपास सारखीच! उष्णतेत फळाचं श्वसन वाढतं आणि रसातलं आम्ल त्यात भराभर खर्ची पडतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या आकड्यात मुख्य वाटा साखरेचा, त्यामुळे ही चोरी त्याला दिसतच नाही.

अर्धी चूक माझी. साल हिरवी म्हणून मी तीन आठवडे थांबलो. सालीतलं हरितद्रव्य जाऊन केशरी रंग चढायला गार रात्री लागतात, साधारण १३ अंशांच्या आसपास. मी रात्री काचघराच्या झडपा बंद करत होतो, त्यामुळे आत पारा २२ च्या खाली उतरत नव्हता. रंग येईना, आत आम्ल उतरत राहिलं, वर साल फोफशी होऊन फोडींपासून सुटली.

पश्चिमेच्या काचेलगतच्या फळांची गोष्ट वेगळी. पानांच्या सावलीतला थर्मामीटर ३६ म्हणत होता, तेव्हा इन्फ्रारेड थर्मामीटरवर सालीचं तापमान ४७! (तो काचेआडून धरू नका, काचेचंच तापमान दाखवतो.) पान बाष्प सोडून स्वतःला गार ठेवतं, फळाला ते फारसं जमत नाही. उन्हाच्या बाजूला पिवळट, चामड्यासारखा चट्टा पडला. एक फळ आडवं कापलं: चट्ट्याखालच्या दोन फोडींतल्या रसपिशव्या कोरड्या, पांढरट, दाताखाली कचकच लागणाऱ्या. उरलेल्या फोडी रसाळ.

फुलोऱ्यानंतर वाटाण्याएवढी फळं गळली, त्याचं मी मनावर घेत नाही. थोडी विरळणी झाड स्वतःच करतं.

आता ३० टक्क्यांची पांढरी शेडनेट काचेच्या बाहेरून टाकली आहे. आतून लावली तर जाळी तापते आणि ती उष्णता आतच राहते. ५० टक्क्यांची मुद्दाम टाळली. उजेड फार कमी झाला तर साखरही भरत नाही. झडपा रात्रभर उघड्या. तोडणी आता रंगावर नाही, दर आठवड्याच्या टायट्रेशनवर.

दोन फांद्यांवर केओलिनही (ऊन परतवणारी पांढरी माती) फवारलं. त्याच वेळी मोजलं तर तिथली साल शेजारच्या फांदीपेक्षा ५ अंशांनी गार. फक्त देठाजवळच्या खळग्यात बसलेला पांढरा थर टूथब्रशने घासूनही निघत नाही. कुणाला जमलं असेल तर कळवा.