टीकिंटरमध्ये एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जाताना

आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यासोबत येणारे विंडो, बटणे बनवण्याचे साधन टीकिंटर वापरून लिहिला. लॉगिन, सभासद आणि देवघेव अशा तीनच विंडो त्यात होत्या, आणि सर्वाधिक वेळ गेला तो एकीतून दुसरीत जाण्याची सोय नीट करण्यात.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक विंडोसाठी मी मुख्य विंडो सुरू करणारे टीके() नव्याने बोलावत होतो आणि लॉगिनची विंडो विथड्रॉ करून लपवत होतो. सगळे सुरळीत दिसत होते. मात्र देवघेवीच्या विंडोत ग्रंथपालबाईंनी टाईप केलेला दाखल क्रमांक चौकटीत स्पष्ट दिसत असूनही 'नोंदवा' दाबल्यावर प्रोग्रॅमच्या हाती रिकामी स्ट्रिंग येत होती, आणि एरर तर कुठेच नव्हती. कारण सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. टीकिंटर आतून टीसीएल या भाषेवर चालते, आणि प्रत्येक टीके() स्वतःचा स्वतंत्र टीसीएल इंटरप्रिटर (ती भाषा चालवणारा भाग) सुरू करते. चौकटीतला मजकूर धरून ठेवणारा स्ट्रिंगव्हार तयार करताना तो कोणत्या विंडोचा हे सांगितले नाही, तर तो आधी सुरू झालेल्या इंटरप्रिटरला जोडला जातो. माझी चौकट दुसऱ्यात होती, आणि तिथे त्याच नावाचे पण निराळे व्हेरिएबल भरले जात होते. म्हणून टीके() संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकदाच असावे आणि बाकीच्या विंडो टॉपलेव्हलने, म्हणजे त्याच प्रोग्रॅमची जादा विंडो म्हणून, उघडाव्यात, हे मी आता कटाक्षाने पाळतो.

टॉपलेव्हलमुळे हा प्रश्न सुटला, पण मुख्य विंडो लपलेली असताना कोणी दुसरी विंडो फुलीवर क्लिक करून बंद केली, तर पडद्यावर काहीच उरत नाही आणि मेनलूप, म्हणजे प्रोग्रॅम जागा ठेवणारे चक्र, मात्र चालूच राहतो. त्यासाठी टीकिंटरची प्रोटोकॉल ही सोय वापरून बंद करण्याच्या घटनेवर स्वतःचे फंक्शन बसवावे लागते.

शेवटी मी एकच विंडो ठेवून तिच्यात तीन फ्रेम (चौकटी, बटणे ठेवण्याचे कप्पे) ग्रिडच्या, म्हणजे आडव्या-उभ्या घरांच्या मांडणीच्या, एकाच घरात एकमेकींवर रचल्या आणि हवी ती टीकेरेझने वर आणू लागलो. ही पद्धत शिकवताना बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते मला पटत नाही. टीकेरेझ फक्त वरखाली क्रम बदलते. खालची फ्रेम झाकली गेली तरी टीकिंटरच्या लेखी ती दिसतीच असते, त्यामुळे टॅब दाबत गेल्यास कर्सर तिच्या चौकटींत शिरतो. देवघेवीच्या फ्रेममध्ये काम करताना टाईप केलेले आकडे खाली झाकलेल्या सभासदाच्या फोन नंबरात जाऊन बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. जो माणूस दिवसभर माउसला हात न लावता कीबोर्डवर काम करतो, त्याच्यासाठी ही चूक गंभीर आहे. यावर उपाय म्हणजे नको असलेली फ्रेम ग्रिड_रिमूव्हने काढून ठेवणे. तिची जागा आणि मांडणी टीकिंटरच्या लक्षात राहते, नुसते ग्रिड() म्हटले की ती पूर्वीसारखी परत येते, आणि चौकटींत लिहिलेला मजकूरही जसाच्या तसा असतो. त्यानंतर फोकस_सेटने कर्सर पहिल्या चौकटीत नेऊन ठेवावा.

आता टॉपलेव्हल एकाच ठिकाणी उरली आहे: उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड विचारणारी छोटी विंडो. तिला ट्रान्झियंट आणि ग्रॅब_सेट लावले आहे, त्यामुळे ती मुख्य विंडोमागे हरवत नाही आणि ती बंद होईपर्यंत पुढची नोंद सुरू होत नाही.