राबाईच्या वहीत नाशिक

नैरोबीला धाकट्या भावाकडे आठ दिवस राहिले, जंगल पाहिलं, रेल्वेने मोम्बासाला आले, किनाऱ्यावर दोन दिवस नुसते शहाळी पिण्यात गेले. ते सगळं छानच होतं. पण मला लिहायचंय ते राबाई या केनियातल्या गावाबद्दल.

मोम्बासाहून मझेरासपर्यंत मटाटू, म्हणजे आपली काळीपिवळीच. गाणी इतकी मोठ्याने की शेजारणीशी बोलता येईना. तिथून पुढे मोटरसायकलवर मागे बसून राबाई. नारळ आणि आंब्यांच्या टेकाडावरचं गाव. मी गेले होते ते मिशनऱ्यांची जुनी घरं पाहायला. आदल्या दिवशी मोम्बासाला खाडीपलीकडे एक कबर पाहिली होती आणि ती डोक्यातून जाईना.

योहान क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ साली बायकोला घेऊन मोम्बासाला आले. रोझिन तेव्हा गरोदर होती. जुलैमध्ये ती बाळंत झाली आणि काही दिवसांतच तापाने गेली. पाठोपाठ तिची तान्ही लेकही गेली. क्राफ स्वतः त्याच तापात अंथरुणाला खिळलेले. ना आई जवळ, ना कुणी सुईण ओळखीची. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी, आईच्या हाताखाली झाली. त्या कबरीपाशी मला नीट उभंही राहवेना. क्राफ मात्र परत गेले नाहीत. दोन वर्षांनी योहानेस रेबमान येऊन मिळाले आणि दोघांनी राबाईला मिशन घातलं. रेबमान १८७५ पर्यंत तिथेच होते. जाताना त्यांची दृष्टी गेलेली होती.

राबाईला आता छोटं संग्रहालय आहे. त्या दुपारी तिथे मी एकटीच होते. शिरताना वहीत नाव, देश, गाव लिहायचं. मी लिहिलं, नाशिक. तिथल्या म्हाताऱ्या काकांनी वही आपल्याकडे फिरवली, त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. मग म्हणाले, "नासिकी? मामा, तुम्ही नासिकीहून आलात?" (तिकडे बाईला मानाने 'मामा' म्हणतात.) "आमची माणसं तिथून आली."

मला वाटलं, दुसरं कुठलं तरी नासिकी असेल. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि सांगायला लागले.

लहानपणी पकडून गुलाम केलेली, इंग्रज जहाजांनी अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली बरीच नाशिकजवळच्या मिशनच्या वसाहतीत वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्या वसाहतीचं नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. आमचं घर शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत. वीस वर्षं मी त्या रस्त्याने शाळा, कॉलेज, क्लास केला आणि हे नाव कशावरून पडलं, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. राबाईच्या त्या खुर्चीत बसून मला याची फार लाज वाटली.

१८६४ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोन तरुण बायकांना घेऊन राबाईला आले. म्हणजे ही खरी मिशनरी कुटुंबं, आणि ती आमच्या रस्त्यावरची! ज्या खंडातून लहानपणी पळवलं तिथे ते आपणहून परतले. मुलांना शिकवलं, प्रार्थना चालवल्या. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानावर मराठी पडलीच असणार. त्या घरांत रागावताना कधी एखादा मराठी शब्द निघत असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही.

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांच्या तांड्यातल्या मागे राहिलेल्या माणसांना जोन्सने शेकडो मैल चालवत राबाईला परत आणलं. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ईखाबोद. बायबलमधला शब्द आहे, गौरव निघून गेलं अशा अर्थाचा. काकांनी तो उच्चारला तेव्हा हाताने हवेत निशाण धरून दाखवलं.

राबाईला मालकांपासून पळालेले गुलाम लपून राहत आणि जोन्स त्यांना हाकलत नसे. शेवटी मालकांना पैसे मोजून चौदाशेहून जास्त माणसांना मुक्तीचे कागद दिले गेले, १ जानेवारी १८८९ ला. प्रवासाच्या पुस्तकांत क्राफ आणि रेबमान पानभर असतात, जोन्स एखाद्या ओळीत. मला हे मुळीच पटत नाही. गोऱ्या मिशनऱ्यांचं या नाशिककरांशी नीट जमतही नसे, मान आणि अधिकार यावरून कुरबुरी होत.

परतताना मोम्बासाला फ्रीअरटाउनच्या चौकात उतरले. मुक्त झालेल्यांची ही वसाहत १८७५ ची, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रीअर यांच्या नावाची. तिथे एक घंटा आहे, गुलाम पकडणारे आले तर इशारा द्यायला टांगलेली. चौकाचं नावच केंगेलेनी, घंटेपाशी. चारही बाजूंनी टुकटुक आणि हॉर्न. कोपऱ्यावर भाजलेली कणसं घेऊन मी तिथेच अर्धा तास उभी राहिले.

काकांनी निघताना विचारलं होतं, शरणपूरचा फोटो आहे का? फोनमध्ये घरच्या गणपतीचे दोनशे फोटो होते, त्या आवाराचा एकही नव्हता. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रोज सकाळी तिथूनच तर फिरायला जाते. काढते की." दुसऱ्या दिवशी नैरोबीच्या गाडीत तिचे चार फोटो आले: चर्च, फाटक, रस्ता आणि एक चुकून आलेला स्वतःचा अंगठा. चारही तसेच काकांना पाठवले.